खालच्या टोकाचा माणूस

आमचे हे काच वाहतात. असं सांगितलं की लोकांना वाटतं, टेम्पो चालवत असतील. टेम्पो दुसराच कोणीतरी चालवतो. तो इमारतीपाशी थांबला की पुढचं काम यांचं. काच उतरवायची आणि जिथे बसवायची तिथवर, बहुतेक वेळा तीन-चार जिने चढून, हातांनी न्यायची. "लिफ्ट नसते का हो?" असं हमखास कोणीतरी विचारतं. लिफ्ट असते, पण मोठी काच तिच्यात मावत नाही. आडवी करून नेऊ, असं म्हणणारा माणूस या धंद्यातला नाही हे लगेच ओळखावं. काच आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने वाकते आणि वाकली की गेली. ती उभीच न्यावी लागते, मान ताठ ठेवून मिरवणाऱ्या पाहुणीसारखी.

लग्न ठरलं तेव्हा मी आईला सांगितलं होतं, मुलगा काचेच्या दुकानात आहे. आईच्या डोळ्यांपुढे गल्ल्यावर बसलेला जावई आला. मग जावई प्रत्यक्ष घरी आला तो दारातून एका अंगाने, आधी खांदा आणि मग बाकीचा. आईला वाटलं लाजतोय. लाजतात कसले! काच घेऊन दारं ओलांडायची सवय, ती काच हातात नसली तरी जात नाही. आजही हे कुठल्याच दारातून सरळ शिरत नाहीत. बाजारात गेलो की मी दुकानाच्या खिडकीतले कपडे बघते आणि हे त्या खिडकीच्या काचेची कड बघतात. त्यामुळे एकाच खिडकीसमोर आम्ही कितीही वेळ न भांडता उभे राहू शकतो. आमच्या संसाराचं रहस्य कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

मोठ्या काचेला दोन माणसं लागतात. यांचा जोडीदार म्हणजे लंबू. ताडमाड उंच आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभई देण्याचीही फुरसत न देणारा. दुकानात यांचं नाव मौनी. लंबू आणि मौनी ही जोडी आमच्या लग्नाहून जुनी. माझ्याशी वाजलं की हे लंबूकडे जाऊन बसतात. लंबूशी वाजलं की दोघंही माझ्याकडे येतात, एकमेकांशी एक शब्द न बोलता चहा पितात आणि सोबतच निघून जातात.

जिना चढताना एक वर असतो, एक खाली. वरचा उलट्या पावलांनी चढतो, कमरेत वाकून, मान मागे वळवून पायऱ्या बघत. हुकूम त्याचा चालतो. "डावा. वर. थांब. वळ." खालच्यावर जास्त वजन येतं, म्हणून त्याने बोलायचं नाही, दम वाचवायचा. लंबू कायम वर, हे कायम खाली. खालच्याला फक्त एकच शब्द बोलायची मुभा असते. तो "टेकव" म्हणाला की काच असेल तिथे पायरीवर रबराच्या पट्ट्या टाकून टेकवायची आणि श्वास घ्यायचा. वरच्याला हा शब्द उच्चारायचा हक्कच नाही. वरच्याला कसलं आलंय वजन, असं या लोकांचं शास्त्र.

मुभा आहे म्हणून ती कोणी वापरतं असं मात्र नाही. दुकानात पूर्वी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सगळे टेकूकाका म्हणायचे. तरुणपणी कधीतरी अंगात ताप असताना ते एकदा "टेकव" म्हणाले होते. एकदाच. तेवढ्यावर उरलेली सगळी नोकरी टेकूकाका म्हणून काढली. निरोपसमारंभात मालकांनीही भाषणात तेच नाव घेतलं आणि ते बिचारे हसले. या कारणाने त्या दुकानात "टेकव" कोणी म्हणत नाही. दात-ओठ खातात, डोळे बाहेर येतात, पण वर पोचतात. मी हे ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, असल्या मर्दुमकीला चुलीत घाला. पण बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

तर झालं असं की एका बेकरीवाल्याने वरच्या मजल्यावर बसायला जागा केली आणि रस्त्याच्या बाजूने भिंतभर काच मागवली. काच वर पोचली, चोख बसली, बेकरीवाल्याने दोघांना गरम पाव दिले. हे घरी आले ते एका हातात पाव आणि दुसरा हात पोटाच्या खालच्या बाजूला दाबून धरलेला. "काही नाही, चमक भरलीय," म्हणाले. मी शर्ट वर करायला लावला. जांघेच्या वर लिंबाएवढा फुगवटा होता. हर्निया. ऑपरेशन करावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, काही महिने जड उचलायचं नाही. यांनी "जड" या शब्दात काय काय बसवलं ते विचारू नका. पाण्याचा तांब्या जड, खुर्ची सरकवणं जड, स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवणं तर फारच जड. जो माणूस भिंतीएवढी काच घेऊन जिने चढायचा तो आमच्या स्वतःच्या जिन्यावर, भाजीची पिशवी माझ्या हातात असताना, मधल्या वळणावर थांबून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीचे पाइप होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या वेळी थांबले नसते.

मालक एकदा भेटायला आले. चांगले आहेत, पण त्यांच्या तोंडात साखर असली की समजावं पुढे औषध आहे. म्हणाले, "तुम्ही आरामात या. आता कडा घासायच्या मशीनवर बसा. बसून काम आहे. जिन्यासाठी मी नवा पोरगा घेतलाय." हे "बरं" म्हणाले. मालक गेल्यावर बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. कडा घासण्यात कमीपणा काहीच नाही, पण तिथे टेकूकाका बसायचे. आणि लंबूच्या खाली दुसरं कोणीतरी असणार, ही गोष्ट यांना गिळवत नव्हती. मला म्हणाले, "मला परत खाली जायचंय." एवढं एकच वाक्य, पण यांच्या मानाने ते भाषण होतं.

यांनी परत जावं असं मला वाटत होतं का? खरं सांगते, वाटत होतं आणि नव्हतंही. हा माणूस घरी बसला तर वाळून जाईल हे दिसत होतं. पण परत गेला तर पुन्हा ओठ मिटून वजन ओढेल आणि शिवलेलं फाडून घरी येईल, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. व्यायामाने पोटाचे स्नायू सुधारतील, पण स्वभावाला कुठला व्यायाम लावायचा?

आमची लेक नोकरीला दुसऱ्या गावी असते. तिने फोनवर सावकाश करायच्या व्यायामाचा एक व्हिडिओ पाठवला. हे त्यातल्या आजोबांच्या टी-शर्टकडे बघून म्हणाले, "हे म्हाताऱ्यांसाठी आहे." आणि त्याच्या खाली आपोआप येणारा दुसरा लावला. त्यात एक पिळदार गडी ओरडत होता आणि उड्या मारत होता. मी कामावर गेले की हे दार लावून त्याच्याबरोबर उड्या मारायचे, मग जमिनीवर पडून धडाधड उठाबशा. मला पत्ता नाही. पत्ता लागला तो खालच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्या थेट माझ्या दुकानात आल्या. मी कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करते. म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे फर्निचर पाडताहेत का? माझ्या दिव्याची काच पडली." मी धावत घरी गेले. हे पलंगाशेजारी जमिनीवर, पाय पोटाशी घेऊन, पांढरेफटक. पिळदार गडी फोनमधून अजूनही "आणखी जोर, आणखी जोर" करत होता. त्याचा मी आवाज बंद केला.

नशिबाने काही फाटलं नव्हतं, नुसता ताण बसला होता. डॉक्टरांनी यांना व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. वयाने आमच्या लेकीएवढी. तिने पोट दाबून बघितलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जिथे होता तिथून सुरुवात केलीत. आज जिथे आहात तिथून करायची." हे म्हणाले, "आज मी कुठेच नाही." ती म्हणाली, "मग बरंच आहे. पहिल्यापासून नीट शिकवता येईल."

काय शिकवलं, तर आधी श्वास. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, श्वास सोडत पोट हलकेच आत घ्यायचं आणि एक टाच जमिनीवरून पुढे सरकवायची. बस. यांना वाटलं चेष्टा करतेय. मग तिने यांचा हात यांच्याच पोटावर ठेवला आणि टाच सरकवायला सांगितली. टाच सरकली आणि श्वास बंद. "बघा," ती म्हणाली, "जरा जोर आला की तुम्ही श्वास कोंडता. कोंडलेला श्वास पोटावर आतून दाब टाकतो. जिथे शिवण कच्ची, तिथून ती उसवते." हे मला एकदम पटलं. घट्ट कपडा नेमका कुठे उसवतो हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. हेही पटल्यासारखे दिसले, म्हणजे त्यांनी भुवई थोडी उचलली.

पुढची गंमत वेगळीच. दम वाढवायला तिने जागच्या जागी चालायला सांगितलं, गुडघे उचलून, हात हलवत. उड्या नाहीत, घाई नाही. "किती जोरात चालू?" यांनी विचारलं. ती म्हणाली, "चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधे तुटलं तर हळू करा. काकू, तुम्ही समोर बसा आणि यांना बोलतं ठेवा."

मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "बाई, हे काम आमच्या लग्नापासून कोणाला जमलेलं नाही."

पण औषध म्हणून सांगितलं की हे काहीही करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खुर्चीत बसले आणि हे कपाटासमोरच्या सतरंजीवर जागच्या जागी चालायला लागले. "बोला," मी म्हटलं. "काय बोलू?" "काहीही." बराच वेळ पायांचा आवाज. मग म्हणाले, "आज हवा बरी आहे." चालले. पहिल्या दिवशी आमच्यात हवेवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी खालच्या वहिनींच्या दिव्याला कुठली काच बसेल त्यावर. आणि मग एकदा नळ सुटावा तसं झालं. हे बोलायला लागले. कुठल्या इमारतीचा जिना अरुंद, कुठल्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांहून उंच, लंबू पहिल्यांदा आला तेव्हा किती घाबरट होता, टेकूकाका कडा घासताना मनात काय म्हणत असतील. इतकी वर्षं हे सगळं या माणसाच्या आत होतं आणि मला वाटायचं, आत शांतता आहे. माझा चहा रोज निवायला लागला. मी कामावर उशिरा जायला लागले आणि त्याचं वाईट वाटेनासं झालं.

हळूहळू जमायला लागलं. टाच सरकवण्यावरून पाय उचलण्यावर आले, मग कंबर उचलण्यावर. गुडघ्या-तळहातांवर येऊन एका बाजूचा हात आणि उलट बाजूचा पाय लांब करायचा आणि हलायचं नाही, यात हे सुरुवातीला कलंडायचे. मी हसले तर म्हणाले, "तू करून बघ." मी केलं. मीही कलंडले. मग मी हसणं बंद केलं आणि शेजारी आणखी एक सतरंजी घातली. भिंतीला हात टेकून अंग फळीसारखं ताठ धरायचं, मग ते टेबलाला, मग जमिनीवर. प्रत्येक प्रकारानंतर थांबायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा. हे थांबणं यांना सगळ्यात कठीण गेलं. "थांबणं हा व्यायामाचाच भाग आहे," असं डॉक्टरीणबाई म्हणायची आणि हे तिच्याकडे संशयाने बघायचे. पोट आत गेलं. जिन्यातल्या वळणावरचे पाइप बघणं बंद झालं. भाजीची पिशवी माझ्या हातातून कधी गेली ते मला आठवतही नाही.

मग एक दिवस म्हणाले, "जिन्यावर करून बघायला पाहिजे." पलंगाची एक फळी काढली. लंबूच्या जागी मी. उलट्या पावलांनी, कमरेत वाकून, मान मागे वळवून मी आमचा जिना चढायला लागले आणि हुकूम सोडायला लागले. हुकूम सोडायला मला आवडलं, ते नाकारत नाही. पण पहिलं वळण यायच्या आत माझी कंबर रडकुंडीला आली. "टेकवा," मी म्हटलं.

हे खालून म्हणाले, "वरच्याने नाही म्हणायचं."

"का नाही म्हणायचं? माझी कंबर मोडली."

"वरच्याला वजन नसतं."

"तुम्ही कधी वर गेलायत?"

यांनी फळी टेकवली. मग म्हणाले, "नाही." मी पायरीवर बसून कंबर चोळत होते आणि खालच्या वहिनी दार किलकिलं करून बघत होत्या. "आता पलंग नेताय का?" त्यांनी विचारलं. पुढचे काही दिवस सकाळी चालताना हे जरा कमी बोलायचे. मी हटकलं तर म्हणायचे, "विचार करतोय."

आता आरशाकडे येते, आणि तो आरसा मीच ओढवून घेतला हे आधीच सांगून टाकते. माझं दुकान ज्या इमारतीत आहे तिच्या तिसऱ्या मजल्यावर नाच शिकवायचा वर्ग आहे. त्या नाचाच्या बाई मुलींचे पोशाख माझ्याकडून बेतून घेतात. हे आजारी पडायच्या कितीतरी आधी त्यांनी विचारलं होतं, भिंतभर आरसा कोण लावून देईल? मी ऐटीत यांच्या दुकानाचं नाव दिलं होतं. बाईंना पैसे जमवायला वेळ लागला आणि ऑर्डर आली ती नेमकी यांनी मालकांकडे जाऊन "मला जिना द्या" म्हटल्यावर. मालक म्हणाले, "ठीक आहे. हा आरसा तुम्ही आणि लंबू न्या. नीट गेला तर जागा तुमची. नाहीतर मशीन आहेच." डॉक्टरीणबाईने तपासून परवानगी दिली होती, एका अटीवर, की श्वास कोंडायचा नाही. माझी अट वेगळी होती. "जमत नसेल तर टेकव म्हणायचं," मी सांगितलं. हे बुटांच्या नाड्या बांधत होते.

त्या दिवशी माझ्या हातून एकही टाका सरळ पडला नाही. टेम्पो आला. आरसा उतरला, त्यात आधी आकाश दिसलं, मग समोरचं औषधाचं दुकान, मग मी, गळ्यात टेप घालून दारात उभी. यांनी हातांत चामड्याचे पंजे चढवले, लंबूने वजन पेलायचा पट्टा खांद्यावर घेतला. नवा पोरगा दारं धरायला होता. मालक आधीच वर, बाईंच्या हॉलमध्ये. लंबू त्या दिवशी नेहमीसारखा बडबडत नव्हता. मला वाटलं, यांच्या काळजीने.

"उचल. डावा. वर."

मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले. काच वाहणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही, हे मला कोणी शिकवायला नको. दिसत काही नव्हतं, यांची पाठ आणि पोटऱ्या तेवढ्या. पण ऐकू येत होतं. प्रत्येक पायरीला यांचा श्वास बाहेर पडत होता, फू करून, आमच्या सतरंजीवर पडायचा तसाच. वर, फू. वर, फू. पहिला मजला गेला. वळणावर आरसा नाजूकपणे फिरला. मी बोटांना टेप गुंडाळत त्यांच्या मागोमाग चढले. दुसरा मजला आला. पाय यांचे खुंट्यासारखे रोवलेले. मला मनातून अभिमान वाटायला लागला होता, उगाच कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या मजल्यावरून थोडं वर गेल्यावर श्वास थांबला.

फू ऐकू येईना. यांची मान ताठ झाली होती, डोकं एका बाजूला कललेलं, कान लावून काहीतरी ऐकणाऱ्या माणसासारखं. कोंडला, मी मनात म्हटलं, कोंडला याने श्वास. सगळं पाण्यात. आता हा दात-ओठ खाणार आणि वर पोचणार आणि मी त्याला परत दवाखान्यात घेऊन जाणार. हाक ओठांवर आली होती, ती मी टेप चावून परत गिळली.

"टेकव," हे म्हणाले.

साधा आवाज. भाजीवाल्याला "बास" म्हणावं तसा. नव्या पोराने वर बघितलं आणि परत खाली बघितलं. रबराच्या पट्ट्या पायरीवर पडल्या आणि आरसा टेकला.

वरून मालकांचं डोकं कठड्यावर आलं. "काय झालं? कोण म्हणालं?"

"मी," हे म्हणाले.

"काय हो, जमत नाहीये का?"

"जमतंय. जरा थांबून आणतो."

मालक "हं" म्हणाले आणि आत गेले. त्या "हं"मध्ये कडा घासायचं मशीन होतं, ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. मी पाण्याची बाटली घेऊन वर गेले. यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा निवांत होता आणि श्वास लहान मुलासारखा नीट चाललेला. एका हाताने आरसा सावरून उभे होते, बाटली घेतली नाही. "लंबूला दे," म्हणाले.

आरशाच्या कडेने अंग चोरून मी वर गेले. लंबू पायरीवर बसला होता. एवढा उंच माणूस घडी घालून ठेवल्यासारखा लहान दिसत होता. उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याची बोटं न थांबता थरथरत होती. त्याने पाणी डाव्या हाताने घेतलं.

"भावोजी, हाताला काय झालं?" मी विचारलं.

"खांदा. जुनंच दुखणं आहे, वहिनी," तो म्हणाला. मग आरशाच्या पलीकडे मान करून, आवाज खाली घेऊन म्हणाला, "मौनी, हात सुटत होता माझा."

"कळलं," हे खालून म्हणाले. "थरथर काचेतून खाली येते."

लंबूने बाटली पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "त्या बेकरीच्या वेळीपण सुटला होता. सगळं वजन तुझ्यावर गेलं. मी सांगणार होतो नंतर. तुझं ऑपरेशन झालं, मग तोंडच उघडेना."

"तेव्हाही कळलं होतं."

"मग टेकव का नाही म्हणालास?"

हे आरशाची कड अंगठ्याने पुसत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार, टेकूकाकांबद्दल, मानाबद्दल, पुरुषांच्या त्या सगळ्या खुळांबद्दल.

"म्हणायचं होतं," हे म्हणाले. "बोलण्याइतका दम उरला नव्हता."

मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायला त्या जिन्यात जागाही नव्हती. इतके महिने मी या माणसाला हवेवर आणि दिव्यांच्या काचांवर बोलतं ठेवत होते, आणि मला वाटत होतं हे त्याच्या पोटासाठी चाललंय.

लंबूने डोळे पुसले, खांदा दोनदा गोल फिरवला आणि उठायला लागला. "थांब," हे म्हणाले. "जागा बदलू. मी वर येतो. तू खाली ये, तिथे खांद्याला ओढ बसत नाही, वजन पायांवर येतं. पोरा, तूही खालच्या कडेला हात लाव."

"तू वर?" लंबू म्हणाला. "हुकूम कोण देणार?"

"मी."

"तुला येतं बोलायला?"

"येतं," हे म्हणाले आणि कमरेत वाकले. "पण जमेना की सांगायचं. खालचा असो, वरचा असो. चल, उचल."